हॉस्पिटलच्या फायलींची नोकरी: क्रेडेन्शियलिंग आणि कंप्लायन्समध्ये शिरताना कोणती पायरी आधी, कोणती नंतर

महिन्यातून दोन-तीन जण तरी बायोडाटा घेऊन येतात. कुणी बी.फार्म., कुणी बी.एच.एम.एस., कुणी हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकलेलं. बहुतेकांनी पैसे भरून एखादा ऑनलाइन कोर्स केलेला असतो आणि डॉक्टरची फाइल मात्र एकदाही उघडलेली नसते. मी नाशिकमधल्या एका मध्यम हॉस्पिटलात क्वालिटी विभाग बघते. आलेल्या उमेदवाराला मी सरावासाठी बनवलेली, खोट्या नावाची एक फाइल देते आणि दहा मिनिटं गप्प बसते.

गेल्या खेपेला एक चुणचुणीत मुलगी होती. फाइल मिटून म्हणाली, "मॅडम, सगळे कागद आहेत."

"रजिस्ट्रेशन कधी संपतंय?"

तिनं फाइल पुन्हा उघडली. दोन महिन्यांपूर्वीच संपलेलं होतं. कागद जागेवर होता, पण मुदत गेलेला.

चुकतं ते इथेच. झेरॉक्सा गोळा करणं हे ऑफिसबॉयचंही काम असू शकतं. पगार मिळतो तो कागद खरा आहे का, चालू आहे का आणि त्या माणसाला या कामापुरता लागू आहे का, हे मुळापर्यंत जाऊन तपासण्याचा. खालचा क्रम त्याच हिशोबानं लावलाय. मधली पायरी गाळलीत तर पुढची अर्धीच कळेल.

## १. आधी तीन शब्द वेगळे करा

क्रेडेन्शियलिंग म्हणजे डॉक्टर, नर्स, टेक्निशियन यांची पदवी, नोंदणी, प्रशिक्षण आणि अनुभव खरा असल्याची खात्री. प्रिव्हिलेजिंग म्हणजे या हॉस्पिटलात त्या व्यक्तीला नेमकं काय करायची मुभा आहे ते. जनरल सर्जन आहेत म्हणून दुर्बिणीतून होणारी प्रत्येक शस्त्रक्रिया त्यांना आपोआप मिळत नाही. यादीत तिचं नाव हवं आणि समितीची सही हवी. कंप्लायन्स म्हणजे हॉस्पिटलचे स्वतःचे परवाने, नोंदवह्या आणि सरकारी अहवाल.

मोठ्या शहरांत यासाठी तीन वेगळी माणसं असतात. नाशिकच्या पन्नास-शंभर खाटांच्या हॉस्पिटलात हे सगळं एकाच टेबलावर येतं, आणि वर ते टेबल एचआरचं की क्वालिटीचं यावरून भांडण असतं ते वेगळंच.

म्हणून नोकरी शोधताना 'क्रेडेन्शियलिंग, नाशिक' असं टाकलंत तर फारसं काही हाती लागणार नाही. जाहिरातीत 'क्वालिटी एक्झिक्युटिव्ह', 'एनएबीएच कोऑर्डिनेटर', 'मेडिकल अ‍ॅडमिन' किंवा 'एम्पॅनेलमेंट' असं लिहिलेलं असतं. (एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलांना गुणवत्तेची मान्यता देणारं मंडळ, एम्पॅनेलमेंट म्हणजे विमा कंपन्यांच्या यादीत हॉस्पिटलची नोंद.) अमेरिकी कामासाठी 'प्रोव्हायडर एनरोलमेंट' हा शब्द चालतो.

## २. दिवसाचं काम की रात्रीचं, हे ठरवून टाका

रस्ते दोन आहेत. एक इथल्या हॉस्पिटलांचा. दुसरा अमेरिकेतल्या डॉक्टरांची विमा कंपन्यांकडे नोंदणी करून देणाऱ्या बॅक ऑफिसांचा. ते काम बरचसं पुण्या-मुंबईतून चालतं, काही घरूनही मिळतं. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. घरात लहान मूल किंवा आजारी सासूबाई असतील तर हे गणित आधी मांडा, मुलाखतीच्या आदल्या दिवशी नको.

दोन्ही रस्त्यांची मूळ शिस्त एकच आहे, पण शब्द, फॉर्म आणि कायदे पूर्ण वेगळे. दोन्ही एकदम शिकायला गेलेली मुलं मी पाहिली आहेत. मुलाखतीत ती महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या प्रश्नाला अमेरिकेतलं उत्तर देतात.

इशारा: घरबसल्या क्रेडेन्शियलिंगचं काम देतो म्हणून डिपॉझिट किंवा 'सॉफ्टवेअर फी' मागणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

## ३. कोण कुठल्या कौन्सिलचं, हे पाठ करा

पाठ म्हणजे खरंच पाठ. एम.बी.बी.एस. आणि त्यावरच्या पदव्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. बी.ए.एम.एस. महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे. होमिओपॅथी, दंतवैद्यक, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी यांच्या परिषदा वेगवेगळ्या. नाशिकच्या कितीतरी हॉस्पिटलांत रात्रपाळीचे आरएमओ (निवासी डॉक्टर) बी.ए.एम.एस. असतात, तेव्हा त्यांची नोंद मेडिकल कौन्सिलच्या साइटवर शोधून 'सापडत नाही' असा शेरा मारू नका. हे हसण्यासारखं वाटतं, पण मी असा शेरा पाहिलाय.

आपल्या गावाची एक खास गंमत आहे. इथे 'एनएमसी' म्हटलं की रिक्षावाल्यापासून सगळ्यांना नाशिक महानगरपालिका आठवते. हॉस्पिटलच्या फायलीत तीच तीन अक्षरं नॅशनल मेडिकल कमिशनसाठीही येतात, जे सप्टेंबर २०२० मध्ये जुन्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या जागी आलं. शिवाय 'एमएमसी' म्हणजे मेडिकल कौन्सिल आणि 'एमएनसी' म्हणजे नर्सिंग कौन्सिल. मनपाचं पत्र डॉक्टरच्या फायलीत आणि डॉक्टरचं पत्र परवान्यांच्या फायलीत गेल्याचे प्रकार यातूनच होतात. पहिल्या दिवसापासून पूर्ण नाव लिहायची सवय लावा.

तपासा: न बघता सांगता येतंय का, की परराज्यातून आलेल्या एम.डी. डॉक्टरला इथे काम सुरू करण्याआधी कुठे नोंद करावी लागेल? उत्तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आणि त्यासाठी मूळ राज्याच्या कौन्सिलचं ना-हरकत पत्र. हे जमलं तरच पुढे चला.

## ४. एक फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत करा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. नोकरी नसतानाही हे करता येतं: खोट्या नावाचा डॉक्टर बनवा, त्याचे कागद स्वतः टाइप करा, त्यात मुद्दाम तीन चुका पेरा आणि आठवड्यानं ती फाइल तपासा. खऱ्या डॉक्टरचे कागद सरावाला घेऊ नका. फाइलमधला क्रम असा ठेवा.

पहिलं, संमती. तुमची माहिती आम्ही विद्यापीठ, कौन्सिल आणि आधीच्या हॉस्पिटलांकडे तपासू, या मजकुराखाली डॉक्टरची सही. त्याआधी फोन उचलायचा नाही.

दुसरं, नाव. आधार, पदवी, रजिस्ट्रेशन, पॅन, सगळ्यांवरचं नाव शेजारी-शेजारी लिहून काढा. आपल्याकडे बाईंची पदवी माहेरच्या नावानं, रजिस्ट्रेशन कधी माहेरच्या तर कधी सासरच्या नावानं आणि बँक खातं तिसऱ्याच स्पेलिंगनं असतं. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, तेही बघा. फरक असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद लागते. हा फरक आत्ता पकडला नाही तर इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी पकडतात.

तिसरं, पदवी. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, दिंडोरी रोडला म्हसरूळला आहे, ही सोय बाकी महाराष्ट्राला नाही. पण ते १९९८ साली सुरू झालं. पन्नाशी ओलांडलेल्या डॉक्टरांची पदवी पुणे, मुंबई किंवा आणखी कुठल्या विद्यापीठाची असणार, तिथेच पत्र पाठवावं लागतं. डी.एन.बी. असेल तर राष्ट्रीय परीक्षा मंडळ. परदेशातून एम.बी.बी.एस. केलं असेल तर इथली स्क्रीनिंग परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा कागद वेगळा मागा.

चौथं, रजिस्ट्रेशन. कौन्सिलच्या साइटवर स्वतः जाऊन नाव शोधा. डॉक्टरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला स्क्रीनशॉट चालत नाही, मग ते डॉक्टर कितीही मोठे असोत. साइटवरच्या पानाची प्रिंट काढा, त्यावर तारीख आणि तुमची सही करा. मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते आणि त्यासाठी कॉन्फरन्स-प्रशिक्षणांतून मिळणारे ३० क्रेडिट पॉइंट लागतात. मुदत संपायला सहा महिने उरले असतील तर पॉइंट किती झालेत हे आत्ताच विचारा. शेवटच्या महिन्यात कॉन्फरन्स शोधत फिरणारे डॉक्टर तुमच्यावरच ओरडतात.

पाचवं, वाढीव पदवीची नोंद. हा मुद्दा दहातले सात उमेदवार गाळतात, म्हणून दोन ओळी जास्त. एम.बी.बी.एस.चं रजिस्ट्रेशन असतं. नंतर एम.डी. किंवा एम.एस. झालं की ती पदवी कौन्सिलकडे 'अ‍ॅडिशनल क्वालिफिकेशन' म्हणून पुन्हा नोंदवावी लागते. पदवीचं सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेम करून लावलेलं असतं आणि कौन्सिलच्या नोंदीत मात्र एवढंच असतं की या व्यक्तीनं एम.बी.बी.एस. केलंय. एकदा आमच्याकडे भूलतज्ज्ञ म्हणून आलेल्या डॉक्टरांचं असंच निघालं. माणूस उत्तम, पदवी खरी, पण नोंद नाही. नोंद होईपर्यंत त्यांना स्वतंत्र काम देता आलं नाही, आणि ओटीचं, म्हणजे शस्त्रक्रियागृहाचं, वेळापत्रक पार विस्कटलं. त्यांच्या फायलीवर 'पूर्ण' असा शिक्का आधीच मारलेला होता. तो मारणारी मीच होते. नोकरीचं दुसरं वर्ष होतं.

सहावं, अनुभव. महिन्यांची साखळी लावा. मध्ये सहा महिन्यांहून मोठी फट असेल तर कारण लेखी घ्या. बाळंतपण, परीक्षेची तयारी, आजार, काहीही असू शकतं. फट असणं गुन्हा नाही, न विचारणं चूक आहे. अनुभवपत्राची खात्री करताना पत्रावर छापलेल्या मोबाइलला फोन करू नका. त्या हॉस्पिटलचा नंबर स्वतः शोधा आणि तिथल्या एचआरला विचारा.

सातवं, व्यावसायिक विम्याची पॉलिसी, जीवरक्षण प्रशिक्षणाचं कार्ड, लसीकरण. यात फारसं डोकं लागत नाही, तारखा लिहा.

आठवं आणि शेवटचं, प्रिव्हिलेज. डॉक्टर मागणी करतात, विभागप्रमुख शिफारस करतात, समिती मंजूर करते. वरचं सगळं झाल्याशिवाय हा फॉर्म समितीपुढे जाता कामा नये. पण घडतं उलटं: सर सोमवारी जॉइन होतात, मंगळवारी शस्त्रक्रिया लागते आणि फॉर्मवर मागची तारीख टाकून सही घेतली जाते.

इशारा: मागच्या तारखेची सही कुणी सांगितली तरी घेऊ नका. तपासणीला आलेला असेसर समितीच्या बैठकीचं इतिवृत्त आणि ओटी रजिस्टर शेजारी ठेवतो, मग झाकायला जागा उरत नाही. तातडी खरी असेल तर त्या दिवसाची तारीख टाकून, वैद्यकीय संचालकांच्या सहीनं तात्पुरती परवानगी द्या.

## ५. परवान्यांचं कॅलेंडर बनवा

कंप्लायन्स म्हटलं की लोक कायद्यांची पुस्तकं घेतात. त्याआधी एक्सेल उघडा. रकाने एवढेच: परवाना, देणारं कार्यालय, मुदत, पुढचा अहवाल कधी, मूळ कागद कुठे ठेवलाय, जबाबदार कोण. मुदतीतून आजची तारीख वजा करणारं सूत्र टाका. नव्वद दिवस उरले की पिवळं, तीस उरले की लाल.

आता त्यात भरा:

- नर्सिंग होम नोंदणी. महाराष्ट्रात यासाठी १९४९ चा राज्याचा कायदा चालतो. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा राज्यानं लागू केलेला नाही, हे मुलाखतीत हमखास विचारलं जातं. शहराच्या हद्दीत नोंदणी मनपाच्या आरोग्य विभागाकडे. मुदत तीन वर्षं.
- जैववैद्यकीय कचरा, २०१६ चे नियम. पिवळा, लाल, पांढरा, निळा. प्रक्रिया न झालेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाला वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत.
- सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा. नोंदणी पाच वर्षांची, मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, प्रत्येक गर्भवतीचा फॉर्म एफ.
- आग प्रतिबंधक व्यवस्था चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत.
- एक्स-रे आणि सीटीसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, कर्मचाऱ्यांचे टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सार मोजणारे). लिफ्ट, औषध दुकान, रक्तसाठा, ज्याचं जे असेल ते.

हे कॅलेंडर आणि चौथ्या पायरीतली फाइल एकमेकांना कुठे शिवतात ते कळलं की तुम्ही बाकीच्या उमेदवारांच्या पुढे गेलात. उदाहरण सोनोग्राफीचंच. नवे रेडिओलॉजिस्ट आले. फाइल पूर्ण, रजिस्ट्रेशन चालू, प्रिव्हिलेज मंजूर. तरी मशीनला हात लावता येत नाही, कारण डॉक्टर बदलत असेल तर पीसीपीएनडीटीच्या प्राधिकाऱ्याला किमान ३० दिवस आधी कळवायचं असतं. शिवाय एका जिल्ह्यात एका डॉक्टरला जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर सोनोग्राफी करता येते, तेव्हा ते आधीच कॉलेज रोडला आणि नाशिकरोडला बसत असतील तर तुमच्याकडे जागाच नाही. हा प्रश्न नेमणुकीच्या पत्राआधी विचारायचा. एचआरला तो सुचत नाही, तो तुम्हाला सुचला पाहिजे.

तपासा: कॅलेंडरमध्ये 'जबाबदार कोण' या रकान्यात 'अ‍ॅडमिन' असं लिहिलंय का? खोडा. माणसाचं नाव लिहा.

## ६. रात्रीचं काम निवडलं असेल तर

पाचवी पायरी बाजूला ठेवून हे शिका. अमेरिकेत प्रत्येक डॉक्टरला एनपीआय हा दहा अंकी ओळख क्रमांक असतो. व्यक्तीचा टाइप १, संस्थेचा टाइप २. एनपीआय नोंदवही सगळ्यांना फुकट शोधता येते, तसंच सरकारी योजनांतून बाद केलेल्यांची ओआयजीची (तिकडच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाची) यादीही. दोन्हींवर रोज अर्धा तास शोधाशोध करा. सीएक्यूएच म्हणजे विमा कंपन्या बघतात तो डॉक्टरांच्या माहितीचा ऑनलाइन साठा; त्यातली माहिती डॉक्टरनं साधारण दर १२० दिवसांनी बरोबर असल्याचं पुन्हा सांगायची असते. ती तारीख चुकली की विमा कंपनीकडचा अर्ज अडकतो. पुन्हा क्रेडेन्शियलिंग दर तीन वर्षांनी, मेडिकेअरची (तिकडच्या सरकारी आरोग्य विम्याची) फेरतपासणी बहुतेकांची दर पाच वर्षांनी.

नव्या माणसाची इथली सर्वांत महाग चूक अगदी साधी असते: तारीख. तिकडे महिना आधी लिहितात. ०३/०७ म्हणजे आपल्याला ३ जुलै वाटतो, तिकडे तो ७ मार्च. परवाना चार महिने आधीच संपलेला असतो आणि तुम्ही तो चालू म्हणून टाकलेला असतो. स्वतःच्या टिपणात महिना नेहमी अक्षरात लिहा.

## ७. कोर्सचे पैसे आत्ता भरा

म्हणजे इथवर आल्यावर. हॉस्पिटलच्या रस्त्यासाठी एनएबीएचचं स्वतःचं इम्प्लिमेंटेशन प्रशिक्षण उपयोगी आहे, पण त्याआधी मानकांमधलं मनुष्यबळाचं प्रकरण वाचून जा, नाहीतर ते दिवस चहा-बिस्किटांत जातात. अमेरिकेच्या रस्त्यावर एनएएमएसएस या तिकडच्या व्यावसायिक संघटनेची सीपीसीएस ही क्रेडेन्शियलिंगची परीक्षा ओळखली जाते, पण ती अनुभव असलेल्यांसाठी आहे. फ्रेशरला 'लगेच सीपीसीएस' असं आमिष दाखवणाऱ्या क्लासला पात्रतेची अट लेखी मागा आणि चेहरा बघा.

## ८. अर्ज आणि मुलाखत

बायोडाटात 'डिटेल ओरिएंटेड' वगैरे लिहू नका. लिहा: सरावाच्या पाच फायली केल्या, परवान्यांचं कॅलेंडर तयार केलं. दोन्हींची प्रिंट सोबत न्या. डॉक्टरची फाइल आणि परवान्यांचं कॅलेंडर यांच्यातल्या दुव्यावर बोलता आलं तर पदवी कुठली हे फारसं कुणी बघत नाही. नर्सिंग किंवा फार्मसी झालेल्यांना थोडं सोपं जातं, कारण वॉर्डातली भाषा येते.

इशारा: आधीच्या हॉस्पिटलातल्या खऱ्या फायलींचे फोटो मोबाइलमध्ये दाखवून अनुभव सिद्ध करायला जाऊ नका. मी तिथेच मुलाखत थांबवते. आज तिकडचे दाखवलेत, उद्या आमचे दाखवाल.

विचारतात ते साधारण असं: 'सर म्हणतात कागद उद्या देतो, ओटी आज आहे, काय कराल?' 'नर्सची नोंदणी संपलीये, ड्यूटी रात्रीची आहे, कुणाला फोन कराल?' इथे कायद्याचं कलम नको असतं. कुणाला, किती वाजता आणि लेखी की तोंडी, एवढं सांगा.

## ९. पहिल्या महिन्यात

जॉइन झालात की जुन्या फायली दुरुस्त करायला बसू नका. आधी फायली कुणाच्या नाहीत ते शोधा. एचआरकडून पगारपत्रकातली नावं घ्या. दुसरी यादी ओपीडीच्या बोर्डावरून. तिसरी ओटी रजिस्टरच्या मागच्या तीन महिन्यांतून, सर्जन, असिस्टंट आणि भूलतज्ज्ञ असे तिन्ही रकाने उतरवून. तिन्ही याद्या एकाखाली एक लावा आणि कपाटातल्या फायलींशी जुळवा.

पगारपत्रकातल्यांच्या फायली बहुतेक मिळतील. बोर्डावरच्या दोन-चार व्हिजिटिंग सरांच्या मिळणार नाहीत. ओटी रजिस्टरमध्ये मात्र रात्री अडीच वाजता फोनवरून बोलावलेल्या भूलतज्ज्ञाचं नुसतं आडनाव सापडेल, पुढे नंबर नाही, कपाटात फाइल नाही आणि सिस्टरांना विचारलं तर त्या म्हणतील, "ते होय? ते नेहमीचेच आहेत." कामाची सुरुवात त्या आडनावापासून करा.